पोरांना 'द लिटल व्हँपायर' कसा दाखवायचा: एका ऑपरेटरची पद्धत

सगळ्यात आधी आवाजाचं सांगतो, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. लहान पोरं चित्राला जेवढी भितात त्याच्यापेक्षा आवाजाला जास्त भितात. मी कोल्हापुरात टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. केबिनच्या छोट्या काचेतून पडद्याकडे आणि पब्लिकच्या डोक्यांकडे बघण्यात उमर गेली. भुताचा सिनेमा लागला की पिटातली अर्धी पोरं कानावर हात ठेवून डोळे टक्क उघडे ठेवायची, हे मी वरनं कायम बघितलंय. त्यामुळं घरी पोरांना व्हँपायरचा, म्हणजे रक्त पिणाऱ्या भुताचा सिनेमा दाखवणार असाल तर रिमोट आपल्या हातात, आपण पोरांच्या मधोमध, आणि अंगठा आवाजाच्या बटणावर. मागं सोफ्यावर बसून मोबाईल बघत सिनेमा दाखवता येत नाही.

आता सिनेमा कुठला ते नीट ऐका. नाव 'द लिटल व्हँपायर', साल २०००, दिग्दर्शक उली एडेल. साल लक्षात ठेवा, कारण याच नावाचा ॲनिमेशनचा सिनेमा २०१७ मध्येही आला आणि शोधताना तो मधे येतो. तो वाईट आहे असं नाही. पण मी सांगतोय तो जिवंत माणसांचा. त्यातला मुख्य पोरगा म्हणजे जोनाथन लिपनिकी, ज्यानं १९९९ च्या 'स्टुअर्ट लिटल'मध्ये त्या उंदराच्या भावाचं काम केलं होतं. पोरांनी तो उंदीर बघितला असेल तर ती त्याला लगेच ओळखतात, आणि ओळखीचा चेहरा दिसला की निम्मी भीती तिथंच जाते.

आणखी एक धोक्याची सूचना. 'लहान मूल आणि व्हँपायरची मैत्री' असं काही शोधलंत तर २००८ चा एक स्वीडिश सिनेमाही समोर येईल, 'लेट द राइट वन इन'. उत्तम सिनेमा आहे, पण मोठ्यांचा. त्यात लहान पोरं दिसतात म्हणून तो पोरांचा समजू नका. चुकून लावलात तर त्या रात्री घरात कोणी झोपणार नाही, तुम्हीसुद्धा.

सिनेमा लागायच्या आधी एकदा स्वतः बघा. पूर्ण बघा. टॉकीजमध्येसुद्धा नवी प्रिंट आली की पब्लिकच्या आधी आम्ही ती चालवून बघायचो. जोड कुठं सुटलाय, आवाज कुठं फाटतोय, ते शुक्रवारच्या पहिल्या खेळाला कळून उपयोग नसतो.

गोष्ट थोडक्यात अशी. टोनी नावाचा एक लहान पोरगा आईबापाबरोबर अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातनं स्कॉटलंडच्या एका खेड्यात राहायला आलेला आहे. बापाला तिथल्या लॉर्डसाहेबाच्या जागेवर गोल्फचं मैदान बांधायचं काम मिळालंय. टोनीला तिथं एकसुद्धा मित्र नाही, शाळेत लॉर्डसाहेबाचे दोन नातू त्याला छळतात, आणि रात्री त्याला व्हँपायरची स्वप्नं पडतात. एका रात्री तो व्हँपायरचा वेष करून खोलीत खेळत असतो. बाहेरनं एक वटवाघूळ येतं, त्याचा होतो रुडॉल्फ, खरा व्हँपायर, आणि टोनीला आपल्यातलाच समजून बसतो. बिचारा उपाशी असतो, उडायलासुद्धा ताकद नसते. टोनी त्याला गाईपाशी नेतो. तिथनं मैत्री सुरू. रुडॉल्फच्या घरच्यांना माणसं मारायची नाहीत, त्यांना उलट माणूस व्हायचंय. त्यासाठी एक धूमकेतू आकाशात यायला पाहिजे आणि एक हरवलेला खडा सापडायला पाहिजे. मागं लागलाय रूकरी नावाचा व्हँपायर मारणारा माणूस.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल की हा भुताचा सिनेमा आहे. मला विचाराल तर हा शाळा बदललेल्या पोराचा सिनेमा आहे. ज्याच्या बापाची बदली झालीय, ज्याला नव्या वर्गात डबा एकट्यानं खावा लागतो, अशा पोराला हा जेवढा कळतो तेवढा कुणालाच कळत नाही. तुमच्या आसपास असं एखादं पोर असेल तर त्याला बोलवाच, आणि आपल्या शेजारी बसवा. त्याला काही समजावून सांगू नका. नुसतं बसवा.

वयाचं म्हणाल तर अमेरिकेत याला पीजी मिळालंय, म्हणजे पालकांनी लक्ष ठेवून दाखवावा असा. माझा हिशेब: सहा वर्षांपासून पुढं बिनघोर. पाच वर्षांचं पोर थोरल्या भावंडाच्या मांडीवर असेल तर चालतं. त्याच्याखालच्यांना दुसऱ्या खोलीत आजीकडं द्या. ती घाबरतील म्हणून नव्हे, ती मधेच उठून पडद्यापुढं नाचतील म्हणून. आणि वरची सीमा बारा. तेरा-चौदाची पोरं आली की 'हे कसलं इफेक्ट' म्हणून मोठ्यानं हसतात आणि बारक्यांचा विरस करतात. त्यांना यायचं असेल तर कामाला लावा: चिवडा वाटणे, दार उघडणे, बारक्यांना बाथरूमला नेणे. डोअरकीपरला सिनेमा फुकट, हा जुना नियम आहे.

खोली आणि वेळ

टॉकीजचा काळोख घरात करायचा नाही. खिडक्या झाका, ट्यूब बंद करा, पण पोरांच्या पाठीमागं एक झिरोचा बल्ब चालू ठेवा. पुढून उजेड आला तर चित्र फिकं पडतं, पाठीमागचा चालतो. पोरानं मान वळवली की ओळखीची भिंत, ओळखीचं कॅलेंडर दिसलं पाहिजे. प्रोजेक्टर असेल तर पांढरी चादर ताणून, खाली काठी घालून लावा, नाहीतर पंख्याच्या वाऱ्यानं टोनीचं नाक हलत राहतं. साधा टीव्हीही पुरतो. बारकी पोरं हट्टानं अगदी पुढं बसतात. त्यांना तिसऱ्या रांगेत घ्या. पडदा डोळ्यांत मावला नाही की तो अंगावर येतो.

खेळ संध्याकाळी सहाला लावा. सिनेमा ९५ मिनिटांचा. आमच्या हिशेबात हजार फुटांचं रीळ म्हणजे अकरा मिनिटं, म्हणजे हा नऊ रिळांचा झाला. हिंदी सिनेमे सोळा-सोळा रिळांचे चालवलेत, त्यापुढं हा किरकोळ. पण मधे थांबणं, इंटरवल, प्रश्न, पाणी धरून दोन-सव्वादोन तास सहज जातात. सहाला सुरू केला तर सव्वाआठला पोरं आपापल्या घरी, जेवून झोपेपर्यंत दीड तास मधे मिळतो. तो दीड तास फार महत्त्वाचा. सिनेमा संपला आणि लगेच अंथरुणात टाकलं तर सिनेमा डोक्यात चालूच राहतो. मधे भात-आमटी, भावाशी भांडण, आईचं ओरडणं असं काहीतरी व्हायला पाहिजे.

खायला चुरचुरीत काही देऊ नका. वेफर्सच्या पुड्या दहा पोरांच्या हातात दिल्या की टोनी काय बोलला ते कोणालाच ऐकू येत नाही. शेंगदाणे आणि गूळ, नाहीतर पातळ पोह्यांचा चिवडा वाटीत. प्यायला दूध. लाल सरबत करून 'हे बघा रक्त' म्हणायचा मोह मोठ्या माणसांना फार होतो. पोरांनी आपण होऊन मागितलं तर कोकम द्या, आपण होऊन करू नका. दुधाचं मात्र कारण आहे, ते पुढं सांगतो.

गाईचं आधी सांगून टाका

सिनेमा सुरू व्हायच्या आधी मी फक्त दोन गोष्टी सांगतो. पहिली: यातले व्हँपायर माणसाचं रक्त पीत नाहीत, गाईचं पितात, आणि गाय मरत नाही. हे आधी सांगितलं नाही तर तो प्रसंग आल्यावर निम्मी पोरं रुडॉल्फवर उलटतात, आणि मग त्याची मैत्री कोणी मानत नाही. आमच्याकडं गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशी उभ्या करून धारोष्ण दूध देतात. इथल्या पोरांना जनावर जवळचं. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, 'आबा, गाय आटली का?' दूध आटतं का म्हणून ती विचारतात! गाईला दुखलं का हे त्याच्यानंतर. मी सांगतो, दूध आटत नाही, पण चावलेल्या गाईची वागणूक जरा बिघडते, ती गंमत पुढं बघा. घरात वडीलधारी माणसं असतील तर त्यांनाही हे आधीच कानावर घाला. मधेच स्वयंपाकघरातनं 'हे काय गाईला चावतंय?' असा आवाज आला तर सगळ्या खेळाचा बोऱ्या वाजतो.

दुसरी गोष्ट: सुरुवातीला जे दिसेल ते टोनीचं स्वप्न आहे. सिनेमा सुरू होतो तोच कड्यावर जमलेल्या व्हँपायर लोकांपासून, आकाशात धूमकेतू, कुठला तरी विधी, तेवढ्यात हल्ला. मोठ्यांनासुद्धा पहिल्या फटक्यात उलगडत नाही. सगळा सिनेमाभर याहून अवघड जागा दुसरी नाही, आणि ती पहिल्याच रिळात आहे! कुठल्या शहाण्यानं हे ठरवलं माहीत नाही. तिथं आवाज एक तृतीयांश कमी करा. टोनी जागा झाला की पूर्ववत. त्यानंतर घर, आईबाप, शाळा असं ओळखीचं सगळं येतं आणि पोरं सैल होतात.

याच्यापलीकडं आधी काही सांगू नका. आणि 'घाबरायचं नाही हं' हे तर मुळीच नको. ते ऐकलं की पोरांना कळतं, घाबरण्यासारखं काहीतरी येणार आहे.

इंग्रजी बोलणं मराठीत सांगताना

आमच्या गल्लीतली निम्मी पोरं मराठी शाळेतली. इंग्रजी शाळेतल्यांनासुद्धा स्कॉटलंडच्या गोऱ्यांचे उच्चार कळत नाहीत. खाली अक्षरं येतात ती वाचायला दुसरीतल्या पोराला वेळ पुरत नाही. मग उरतो एकच उपाय, बाजूला बसून सांगणे. मूकपटाच्या काळात पडद्याशेजारी उभं राहून पब्लिकला पाट्या वाचून दाखवणारा माणूस असायचा, असं माझे वस्ताद सांगायचे. तेच काम.

यातली खुबी अशी की बोलणं झाल्यावर सांगायचं नाही, होण्याच्या क्षणभर आधी सांगायचं. म्हणून सिनेमा आधी बघून ठेवायचा. आणि प्रत्येक वाक्याचं मराठी करायचं नाही. एका प्रसंगाला एक वाक्य, फार तर दोन. उदाहरणं देतो. शाळेतल्या प्रसंगाला मी म्हणतो, 'ह्याला कोण जवळ करंना.' बास. गुरुजन काय म्हणाले, नातवंडं काय म्हणाली, ते चेहऱ्यावर दिसतंय. रुडॉल्फ टोनीच्या खोलीत येतो तिथं, 'त्याला वाटलं ह्यो आपल्यातलाच.' रुडॉल्फचा बाप टोनीवर चिडतो तिथं, 'माणसांनी लई तरास दिलाय त्यांना, म्हणून विश्वास न्हाई.' तुमच्या घरात जी बोली असेल तीच वापरा. पुस्तकी मराठीत सांगितलं तर पोरांना शाळा आठवते.

नावं फार सांगू नका. टोनी, रुडॉल्फ, त्याची बहीण ॲना आणि रूकरी, एवढी चार पुरतात. बाकी सगळे 'रुडॉल्फचा बाप', 'थोरला भाऊ', 'लॉर्डसाहेब'.

आणि काही ठिकाणी तोंड बंद. रुडॉल्फ टोनीचा हात धरून त्याला उडवतो तो प्रसंग येईल तेव्हा एक अक्षर बोलू नका. रिमोटसुद्धा खाली ठेवा. तिथं आवाज वाढवलात तरी चालेल, कारण तिथं भीती नाही. केबिनमध्ये असताना अशा जागी मी काचेला नाक लावून पब्लिककडं बघायचो. सगळ्यांची तोंडं एकाच कोनात वर झालेली असायची. घरात ते दोन हातांवर बघायला मिळतं, ते सोडू नका.

खरा भीतीदायक माणूस रूकरी आहे, हे लक्षात असू द्या. व्हँपायर लोक गबाळे, जुन्या कपड्यातले, जरा हास्यास्पदच आहेत. रूकरी मात्र आडदांड, गाडी-दिवे-हत्यारं घेऊन फिरणारा. काम केलंय जिम कार्टर यांनी. नंतर 'डाउनटन ॲबी' या मालिकेत घरचे कारभारी कार्सन झाले तेच. माझी सून ती मालिका बघायची, तिला हे सांगितल्यावर ती हसायलाच लागली. रूकरी आला की बारकी पोरं सरकत सरकत तुमच्याकडं येतील. येऊ द्या. हात लांब ठेवा म्हणजे जागा राहील. रुडॉल्फच्या आईबापाची कामं ॲलिस क्रीग आणि रिचर्ड ई. ग्रँट यांची. ग्रँट साहेबांनी बापाचं काम असं ताठ मानेनं केलंय की घरात पैसे संपलेले पण ऐट न संपलेला इनामदार आठवतो. ॲना झालेली पोरगी म्हणजे ॲना पॉपलवेल, जी २००५ च्या नार्नियाच्या सिनेमात थोरली बहीण सुझन झाली. रुडॉल्फ झालाय रोलो वीक्स, आणि मला विचाराल तर सगळ्यात चांगलं काम त्याचंच. पडक्या चेहऱ्याचं उपाशी पोर दिसतंय ते.

इंटरवल कुठं करायचं

सिनेमाला इंटरवल नाही, इंग्रजी सिनेमाला नसतंच. आम्ही टॉकीजमध्ये इंग्रजी सिनेमा आला की आपल्या सोयीनं करायचो, आणि कुठं तोडायचं यावरनं मॅनेजरशी वाद व्हायचे. मॅनेजरला कँटीन दिसायची. इथं तुम्हीच मॅनेजर. रुडॉल्फचं घरदार टोनीच्या घराच्या तळघरात आसऱ्याला येतं, तिथं थांबा. सगळी पात्रं ओळखीची झालेली असतात आणि कोणी संकटात लटकलेलं नसतं. पोरं संकटात असताना तोडलंत तर ती बाथरूमला जात नाहीत, आणि पुढच्या दहा मिनिटांत सगळ्यांना एकदम लागते.

इंटरवलला दूध द्या आणि दुधाची गोष्ट सांगा. हा सिनेमा निघाला जर्मन पुस्तकांवरनं. लिहिणाऱ्या बाई आंगेला झोमर-बोडेनबुर्ग, हॅम्बुर्गला प्राथमिक शाळेत शिक्षिका. पहिलं पुस्तक १९७९ साली आलं, मग एकामागनं एक येत गेली आणि तीसपेक्षा जास्त भाषांत गेली. पुस्तकात कॅलिफोर्निया नाही, स्कॉटलंड नाही. पोरगा आंतोन, साध्या जर्मन शहरातल्या साध्या फ्लॅटमध्ये राहणारा, आईबाप शनिवारी बाहेर गेले की एकटा भुताच्या गोष्टी वाचत बसणारा. आणि व्हँपायर येतो तो सरळ खिडकीत. नाव रुडिगर. त्याच्या धाकट्या बहिणीला, ॲनाला, अजून व्हँपायरचे दातच आलेले नाहीत, म्हणून ती दूध पिते. हे सांगितलं की दूध न पिणारं पोरसुद्धा पेला रिकामा करतं. आमची धाकटी नात दोन दात पडलेल्या तोंडानं म्हणाली, 'मी ॲना.' झालं, त्या दिवसापासनं तिच्या आईची दुधाची कटकट मिटली.

मला विचाराल तर पुस्तकातला फ्लॅट सिनेमातल्या किल्ल्यापेक्षा सरस. पण पडद्याला किल्ला लागतो, धुकं लागतं, कडा लागतो. त्यात स्कॉटलंड वाईट नाही. 'ड्रॅक्युला' लिहिणारे ब्रॅम स्टोकर सुट्टीला स्कॉटलंडच्या क्रूडन बे या गावाला जायचे, जवळच समुद्रावर स्लेन्स नावाचा किल्ला आहे, आणि १८९७ ला आलेल्या त्या पुस्तकाचा काही भाग त्या गावात लिहिला गेला. म्हणजे व्हँपायर स्कॉटलंडला आणणं अगदीच ओढूनताणून नाही.

पोरं काय विचारतील

हे तयार ठेवा, कारण सिनेमापेक्षा हे जास्त चालतं.

'वटवाघळं खरंच रक्त पितात का?' पितात, पण आपल्याकडची नाही. रक्तावर जगणाऱ्या जाती जगात तीनच, त्या मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत सापडतात. आपल्या मोठ्या झाडांवर दिवसा उलटी लटकणारी फळं खातात. ती रक्तवाली वटवाघळं एवढुशी असतात, वजन तीस-चाळीस ग्रॅम. झोपलेल्या गुराला बारीक चावा घेतात आणि जिभेनं रक्त चाटतात, ओढून पीत नाहीत. रक्त गोठू नये म्हणून त्यांच्या लाळेत एक द्रव्य असतं, त्याला शास्त्रज्ञांनी नाव दिलंय ड्रॅक्युलिन. इथं पोरं टाळ्या वाजवतात.

आणि याच्यापुढचं ऐकायला त्यांना गप्प करायला लागत नाही. त्या वटवाघळाला दोन-तीन रात्री लागोपाठ खायला मिळालं नाही तर ते मरतं. पण उपाशी राहिलेल्याला त्याच ढोलीतलं दुसरं वटवाघूळ आपल्या पोटातलं रक्त परत तोंडात आणून भरवतं. जेराल्ड विल्किन्सन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं कोस्टा रिकात हे बघितलं आणि १९८४ साली छापलं. रुडॉल्फ उपाशीपोटी टोनीच्या खोलीत पडला होता आणि टोनीनं त्याला गाईपाशी नेलं, ते आठवतं का एवढंच विचारा. एक गोष्ट ठासून सांगा मात्र: पडलेलं वटवाघूळ दिसलं तर हात लावायचा नाही, मोठ्या माणसाला हाक मारायची.

'उन्हानं व्हँपायर का मरतात?' सिनेमावाल्यांनी ठरवलं म्हणून. स्टोकर यांचा ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो, फक्त त्याची ताकद कमी असते. ऊन लागून व्हँपायर संपला तो १९२२ च्या जर्मन मूकपटात, 'नोस्फेराटू'मध्ये. तिथनं सगळ्यांनी तो नियमच धरला. यावर एका चौथीतल्या पोरानं विचारलं की स्कॉटलंडमध्ये उन्हाळ्यात रात्र केवढी. हुशार पोर. जूनअखेर एडिनबराला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि साडेचारला उगवतो. म्हणजे रुडॉल्फच्या घरच्यांना खायला, उडायला, खडा शोधायला मिळून साडेसहा तास. डिसेंबरात मात्र पावणेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो. चैन!

'धूमकेतू खरा आहे का?' सिनेमातला खोटा. खरे धूमकेतू बर्फ आणि धुळीचे असतात, काही ठरावीक वर्षांनी परत येतात. हॅलेचा १९८६ ला येऊन गेला, आता २०६१ ला येणार. त्या वेळी तुम्ही केवढे असाल याचा हिशेब पोरांना करायला लावा. पाच मिनिटं शांतता.

'रुडॉल्फ मेलेला आहे का?' हा प्रश्न एखादंच पोर विचारतं आणि हळू आवाजात विचारतं. बहुतेक वेळा त्याच्या घरात नुकतंच कोणीतरी गेलेलं असतं. तिथं शास्त्र सांगू नका. 'तुला काय वाटतं?' म्हणा आणि ऐका. खेळ पाच मिनिटं उशिरा सुरू झाला तर काही बिघडत नाही.

शेवटचं रीळ

शेवट मी मोठ्यांसाठी सांगून ठेवतो, कारण तयारी लागते. कड्यावर पुन्हा तोच विधी, तोच धूमकेतू, रूकरी येतो, धावपळ होते. हा भाग गोंगाटाचा आहे. आवाज कमी, हात पोरांच्या खांद्यावर. टोनी मनात मागतो की ही सगळी माणसं व्हावीत, आणि ती तिथनं नाहीशी होतात.

खरी जागा याच्यानंतर आहे. काही काळानं एक नवं कुटुंब गावात राहायला येतं, तेच सगळे चेहरे, आता माणसं झालेले. आणि रुडॉल्फ टोनीला ओळखत नाही. धिप्पाड रूकरीला न घाबरलेली पोरं इथं रडतात. ज्याच्यासाठी एवढं केलं तो अनोळखी नजरेनं बघतो, हे आठ वर्षांच्या पोराला बरोबर कळतं. तिथं सिनेमा थांबवू नका, समजावू नका, 'अरे पुढं बघ, आठवतंय त्याला' असं आधीच फोडू नका. ॲनानं टोनीला एक शिट्टी दिलेली असते, गरज पडली तर वाजव म्हणून. ती पोरांच्या लक्षात असली पाहिजे. म्हणून सिनेमात ती पहिल्यांदा दिसते तेव्हा, कितीही कमी बोलायचं ठरवलं असलं तरी, एवढं वाक्य टाकाच: 'शिट्टी दिली बघा तिनं.' शेवटी टोनी शिट्टी काढतो तेव्हा ज्या पोराला ती आठवते ते सगळ्यांच्या आधी ओरडतं, आणि त्याला ओरडू द्यायचं.

पाट्या सुरू झाल्या की लगेच दिवा लावू नका. आमच्या टॉकीजला शेवटचा सीन संपायच्या आत दारं उघडायची खोड होती, मला ती कधी आवडली नाही. मिनिटभर थांबा, मग आधी पाठीमागचा, मग ट्यूब.

पोरं घरी जाताना जोड्या लावून द्या, मोठ्याबरोबर बारकं. जिना अंधाराचा असेल तर आपण खालपर्यंत जा. अंधारात एखादं 'आबा, वर काय उडालं?' म्हणेल, तर वर बघा आणि काय दिसलं ते खरं सांगा.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना काळा झगा पाहिजे असतो. मोडक्या छत्रीचं कापड उत्तम. आधीच काळं, हलकं, आणि उडताना फडफडतं. शिवायला बसा, पण गळ्याला नाडीची गाठ मारू नका. मानेजवळ चिकटपट्टी लावा, खिळ्याला अडकला तर सुटला पाहिजे. आणि झगे वाटायच्या आधी गच्चीच्या दाराला कुलूप घाला. सज्जा, पलंग, पाण्याची टाकी, जिन्याचा कठडा, जिथनं जिथनं उडी मारता येते ते सगळं आधी बघून घ्या. उडायचं असेल तर मैदानात, दोघांनी हात धरून, पळत. पाय जमिनीवर.

ज्यांना आणखी पाहिजे त्यांना तो २०१७ चा ॲनिमेशनचा दाखवा, पण महिनाभर तरी मधे जाऊ द्या. त्यात रूकरीचा आवाज जिम कार्टर यांचाच आहे, आणि पोरं तो डोळे झाकून ओळखतात.